कचेरीला किती गुण?

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. खानापूर तालुक्यातील पाऊस वाचकांपैकी अनेकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना सांगून समजणारा नाही. चार दिवस सूर्यदर्शन नव्हते, विजेची ये-जा चालू होती, आणि आमच्या घरात जेथे मोबाईलची रेंज कशीबशी पोहोचते त्या माळ्यावर, भाताच्या पोत्यांना पाठ टेकून, धाकटी मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. टाळेबंदीमुळे तिचे हैदराबादचे ऑफिस बंद झाले होते, जावईबापू मस्कतला अडकले होते, म्हणून ती माहेरी येऊन येथूनच नोकरी करीत होती. मी खाली पडवीत वर्तमानपत्र चाळीत होतो. तेवढ्यात माळ्याच्या जिन्यावरून तिचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही छत्तीस वर्षे पोरांना गुण दिलेत. आता माझ्या ऑफिसला किती द्यायचे ते सांगा पाहू!"

मला प्रथम वाटले, पोर थट्टा करीत आहे. चाकराने धन्याची परीक्षा घ्यावी आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर आकडा टाकावा, हे आमच्या हयातीत कोणी ऐकले नव्हते. मी १९७४ साली एका खेड्यातील मराठी हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो आणि २०१० साली त्याच शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. या अवधीत संस्थेने, सरकारने किंवा तपासनीस साहेबांनी मला "तुम्ही येथे सुखी आहात काय?" असे एकदाही विचारले नाही. विचारले असते तर आम्हीच घाबरलो असतो. नोकरी मिळाली हेच सुख, असा त्या काळचा हिशेब होता.

परंतु थट्टा नव्हती. तिच्या कंपनीत वर्षातून एकदा ही परीक्षा होत असे. सगळ्या नोकरांकडे एक प्रश्नावली येई, तीत चाळीसेक विधाने असत, आणि प्रत्येकापुढे "पूर्ण सहमत"पासून "पूर्ण असहमत"पर्यंत पाच घरे. माझ्याकडून कामात काय अपेक्षा आहे ते मला नीट ठाऊक आहे काय? कामाला लागणारी साधने मला मिळतात काय? गेल्या आठवड्यात कोणी माझ्या कामाचे कौतुक केले काय? माझे मत विचारात घेतले जाते काय? माणूस म्हणून माझी विचारपूस करणारे तेथे कोणी आहे काय? मी जिना चढून वर गेलो आणि चष्मा लावून सगळे वाचले. खरे सांगतो, प्रश्न चांगले होते. माझ्या शिक्षकांच्या खोलीत जर मी यांतील पाचच प्रश्न फळ्यावर लिहिले असते तर काय उत्तरे आली असती, हा विचार मनात येऊन गेला आणि मी तो लगेच बाजूला सारला. पुढे तो पुन्हा आला. त्याविषयी नंतर लिहितो.

शेवटचा प्रश्न मात्र वेगळ्या तऱ्हेचा होता. "आपल्या मित्राला या कंपनीत नोकरी धरण्याची शिफारस आपण कितपत कराल? शून्य ते दहा यांपैकी आकडा निवडा." मुलगी येथेच अडली होती.

मी म्हटले, "सात दे. साठाला पहिला वर्ग, सत्तर म्हणजे चांगलेच की!"

ती हसली. म्हणाली, "बाबा, यांच्या गणितात सात म्हणजे काहीच नाही."

आणि मग तिने मला जे गणित सांगितले ते ऐकून माझ्यातला मास्तर अवाक् झाला. ही पद्धत मुळात गिऱ्हाइकांचे मन ओळखण्यासाठी निघाली. फ्रेड रायकेल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००३ साली हार्वर्डच्या व्यापारविषयक नियतकालिकात ती मांडली, आणि पुढे कंपन्यांनी तीच नोकरांना लावली. तीत नऊ किंवा दहा देणारा तेवढा खरा चाहता धरतात. सात-आठ देणारा मोजणीतच येत नाही. शून्यापासून सहापर्यंत आकडा देणारे सगळे एकजात निंदक! चाहत्यांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा करायची आणि जे उरेल तो कंपनीचा गुणांक. म्हणजे ज्या मुलांना आम्ही लहानपणापासून शिकवले की साठ म्हणजे पहिला वर्ग आणि शंभरापैकी शंभर कोणालाच मिळत नसतात, ती मुले तेथे जाऊन प्रामाणिकपणे सहा देतात आणि आपल्या अन्नदात्याचे निंदक ठरतात. निबंधाला दहापैकी नऊ गुण मी माझ्या उभ्या आयुष्यात तीनदा दिले असतील.

"मग देऊन टाक सहा," मी म्हणालो. "जे वाटते ते लिहावे. नाव तर लिहायचे नाही ना?"

"नाव नाही. पण आमच्या टीममध्ये आम्ही सहाच जण. काल मॅनेजरने सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितले, आपल्या टीमचा आकडा नऊच्या खाली येता कामा नये. सहा जणांत एकाने सहा दिले तर कोणी दिले, हे कळायला किती वेळ लागतो?"

मी गप्प बसलो. तिच्या हाताची बोटे त्या यंत्रावर तशीच थांबून होती. बाहेर पाऊस वाजत होता.

वाचकांना वाटेल, एवढ्याशा आकड्यासाठी एवढा खल कशाला? तर तो आकडा एवढासा नव्हता. त्यापूर्वी दोनच महिने, जून महिन्यात, माझ्या नव्वद वर्षांच्या आईचा न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. बेळगावच्या इस्पितळात तिला ठेवले. साथीचे दिवस, रुग्णापाशी एकालाच राहू देत, आणि बायकांच्या खोलीत बाईमाणूसच हवे. माझ्या पत्नीला दम्याचा त्रास. मुलीने चार दिवसांची रजा मागितली. तिच्या खात्यावर चौदा दिवसांची रजा शिल्लक होती. त्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाला काम पुरे करून द्यायचे होते. मॅनेजर फोनवर म्हणाला, "रजा कशाला? तू घरी तर आहेसच ना! लॅपटॉप बरोबर घेऊन जा."

ती घेऊन गेली. चार दिवस ती इस्पितळाच्या जिन्याच्या पायरीवर बसून काम करीत होती, आणि आजी खोलीतून हाक मारी तेव्हा कानातले यंत्र काढून आत धावत होती. आई तिला विचारी, "कोणाशी भांडतेस गं सारखी?" चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा मला ती पायरीवर भिंतीला डोके टेकून झोपलेली दिसली; मांडीवरच्या यंत्रातून कोणी तरी तिचे नाव घेऊन बोलत होते.

"घरी तर आहेसच ना" या वाक्याला किती गुण द्यावेत, हा तिचा प्रश्न होता.

१९८१ ते १९९६ या वर्षांत जन्मलेल्यांना अमेरिकेतील पाहणीकार "मिलेनियल" म्हणतात, कारण यांच्यातील पहिले नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर वयात आले. आपल्याकडे हीच ती मुले की जी १९९१ सालच्या आर्थिक बदलांनंतर वाढली, पुण्या-बंगलोर-हैदराबादला शिकायला गेली, आणि ज्यांनी खेड्यातील कौलारू घरांवर स्लॅब चढवले. आज ती तीस ते पंचेचाळीस वर्षांची आहेत. त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांची तक्रार सर्वत्र एकच: टिकत नाहीत. ही नुसती आमच्या पारावरची कुरबुर नव्हे. गॅलप या अमेरिकन पाहणीसंस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तेथील या वयाच्या नोकरदारांपैकी शेकडा २१ जणांनी गेल्या वर्षभरात नोकरी बदलल्याचे सांगितले होते. त्यांच्याहून थोर असलेल्यांच्या तिपटीहून हे प्रमाण अधिक. आणि मन लावून काम करणारे म्हणावेत असे त्यांच्यात शेकडा २९ निघाले. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर, इन्फोसिससारख्या नामांकित कंपनीतून जून २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत आपण होऊन सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २८.४ होते.

हे सगळे पैशासाठी, असे आम्ही म्हणतो. काही अंशी ते खरेच आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आमच्या मुलीनेही २०१४ साली पहिली नोकरी पैशासाठीच सोडली आणि तसे स्पष्ट सांगितले. साथीनंतरच्या दीड-दोन वर्षांत तर नव्या ठिकाणी गेले की पगार भराभर वाढत होते, तेव्हा उड्या पडल्या. पुढे कामे आटली आणि तीच टक्केवारी मार्च २०२४ अखेर १२.६ वर आली. परंतु म्हणून दोन वर्षांत त्या मुलांचे समाधान दुपटीने वाढले, असे कोणी समजू नये. दुसरीकडे दार बंद असले म्हणजे माणूस आहे त्या घरात राहतो. राहणे निराळे आणि नांदणे निराळे, हे आपल्या बायकांना सांगावे लागत नाही.

नोकरांना विचारावे ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत शिकागोजवळ सिसरो या गावी हॉथॉर्न नावाचा टेलिफोनची यंत्रे बनविणारा प्रचंड कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात अनेक प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते काय, येथून त्यांनी सुरुवात केली आणि अखेरीस माणसांना नुसते बोलते करण्यावर येऊन पोहोचले. वीस हजारांहून अधिक मुलाखती घेतल्या. त्या हकिकतीत एका कामकरी स्त्रीची गोष्ट येते. तिने कारखान्याच्या खाणावळीतील जेवणाविषयी पोटतिडकीने तक्रार केली. काही दिवसांनी ती मुलाखत घेणाऱ्याला भेटली आणि जेवण सुधारल्याबद्दल तिने त्याचे आभार मानले. जेवणात काडीचाही फरक झालेला नव्हता! कोणी तरी आपले ऐकून घेतले, एवढ्याने तिच्या तोंडाची चव परतली होती.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच दरवर्षी विचारतात वाटते. विचारले की झाले. जेवण तेच."

पोरीच्या जिभेला धार आहे. ती तिच्या आजीची.

१९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे इंजिनिअर व हिशेबनीस यांच्याशी बोलून एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य सिद्धांत मला फार पटतो. माणूस कामात रमतो त्याची कारणे एक, आणि वैतागतो त्याची कारणे दुसरी. रमतो तो काही तरी साधले म्हणून, कोणी शाबासकी दिली म्हणून, कामातच गोडी वाटली म्हणून. वैतागतो तो कंपनीच्या नियमांनी, वरिष्ठांच्या वागण्याने, पगाराने, बसण्या-उठण्याच्या सोयींनी. पुढच्या विद्वानांनी या सिद्धांतावर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. पण माझ्या अनुभवाला तो उतरतो. नववीच्या वर्गाला पायथागोरसचा सिद्धांत समजला की मी घरी शीळ घालीत येत असे, त्या महिन्याचा पगार दोन महिने थकला असला तरी. आणि पगार हाती पडला म्हणून पायथागोरस अधिक गोड लागला नाही.

आता या दृष्टीने मुलीच्या हैदराबादच्या कचेरीकडे पाहा. तिने मला एकदा तेथील छायाचित्रे दाखवली होती. रंगीत खुर्च्या, फुकट चहा-कॉफीचे यंत्र, वाढदिवसाला केक, आणि मधोमध टेबल टेनिसचे टेबल. मी म्हटले, हे तर क्लबासारखे आहे. ती म्हणाली, "टेबलावर कोणी खेळत नाही. खेळताना दिसला तर वाटेल, याला काम कमी आहे." हल्ली यालाच कामाच्या ठिकाणचे 'कल्चर' म्हणतात. आम्ही त्याला वातावरण म्हणत असू. शब्द कोणताही घ्या, ते टेबलात नसते. गॅलपच्याच लोकांनी २०१५ साली सांगितले की एका गटाचे मन कामात लागते आणि दुसऱ्याचे लागत नाही, या फरकाचा निदान शेकडा ७० भाग त्या गटाच्या वरिष्ठावर अवलंबून असतो. चाळीस प्रश्नांचा कागद कंपनीच्या नावाने येतो खरा. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा असतो.

येथे मला ती बाजूला सारलेली गोष्ट लिहिलीच पाहिजे.

१९९६ सालचा जुलै महिना. मी मुख्याध्यापक होऊन चार वर्षे झाली होती. शुक्रवारी तपासनीस साहेब येणार म्हणून शाळा सारवून-रंगवून सज्ज करीत होतो. सोमवारी आमचे विज्ञानाचे तरुण शिक्षक माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दोन दिवसांची किरकोळ रजा मागितली. वडील फार आजारी होते. रजा शिल्लक होती. मी वहीतून डोके वर न काढता म्हणालो, "सर, तुमचे घर तर गावातच आहे ना? मधल्या सुट्टीत पाहून या की." ते "बरे" म्हणून गेले. शुक्रवारी तपासणी झाली आणि साहेबांनी शेरेबुकात लिहिले, "शाळेची शिस्त उत्तम." रविवारी पहाटे त्या शिक्षकांचे वडील वारले. मी अंत्यविधीला गेलो, सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटे शांतता पाळली, शिक्षकांच्या सभेत दुखवट्याचा ठराव मांडला. सगळे रीतीप्रमाणे झाले. पुढच्या मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावातल्या एका शाळेत गेले. मी त्या वेळी सहकाऱ्यांना काय म्हणालो ते मला स्पष्ट आठवते: "हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही."

ते शिक्षक तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. मिलेनियल हा शब्द आमच्या गावात पोहोचायला अजून पुष्कळ अवकाश होता.

त्या पावसाळी संध्याकाळी माझ्या मुलीने अखेर नऊचा आकडा टाकला. "आणखी काही सांगावयाचे आहे काय?" या रकान्यात तिने "काही नाही" असे लिहिले. त्या वर्षी तिच्या टीमला फार चांगला गुणांक मिळाला आणि मॅनेजरने सर्वांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. २०२१ च्या जूनमध्ये तिने ती नोकरी सोडली. सोडताना कारण विचारतात, तिने लिहिले, "वैयक्तिक प्रगती." चाळीस प्रश्नांच्या उत्तरांत जे नव्हते ते राजीनाम्याच्या तारखेत होते, पण ते वाचण्याची सवय त्या कचेरीला नसावी.

नवी नोकरी धरण्याआधी मात्र तिने, आपण सोयरीक जुळवण्यापूर्वी घराची चौकशी करतो तशी, त्या कंपनीची चौकशी केली. २००८ साली अमेरिकेत ग्लासडोर नावाची सोय सुरू झाली. तेथे नोकर आपले नाव न देता आपल्या कंपनीला पाचपैकी तारे देतात आणि बरे-वाईट लिहितात. आपल्याकडेही तशा सोयी आहेत. तेथे रागाने लिहिणारेही असतात आणि कंपनीने सांगून लिहविलेलेही असतात, म्हणून शेजाऱ्यांच्या साक्षीइतकाच त्यावर विश्वास ठेवावा. तरी तिला तेथे एक वाक्य वारंवार आढळले: रजा मागितली तर मिळते. पगार थोडाच अधिक होता. तिने ती नोकरी धरली.

मी त्या वेळी तिला एकच प्रश्न विचारला होता. आपल्या गावात कोणाचाही मुलगा परगावाहून आला की पाराजवळ जो प्रश्न विचारतात तोच: "पॅकेज किती?" शिकलेले बाप, न शिकलेले बाप, आम्ही सगळे यात सारखे. आकडा ऐकला की आमचे समाधान होते, आणि मग आमचे समाधान तेच पोराचे समाधान असे आम्ही धरून चालतो.

या मुलांचे सगळेच म्हणणे मला मान्य आहे असे नाही. काहींना पहिल्याच वर्षी अर्थपूर्ण काम हवे असते. पहिल्या वर्षी मीसुद्धा खडू मोजीत होतो आणि हजेरीपटावर तांबड्या शाईने रेघा ओढीत होतो. काहींना शब्द लागतो, काहींना सूचनाही अपमान वाटते. पण उलट बाजूही पाहावी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे, असे म्हटले. आमच्या देशाने १९४८ साली कारखान्यातील कामगारासाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायद्याने घातली होती. माळ्यावर बसलेल्या माझ्या मुलीचे तास मी एकदा भिंतीवरच्या घड्याळाने मोजले. सकाळी नऊला ती बसे, रात्री अमेरिकेतील माणसे उठत तेव्हा त्यांच्याशी बोलणे चाले, आणि अकराला ती खाली येऊन गार झालेले जेवण जेवी. सत्तराचा आकडा तिला कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

नव्या कंपनीतही ती वार्षिक परीक्षा होतीच. परंतु तेथे निकाल लागल्यावर तो त्या त्या टीमपुढे ठेवीत आणि विचारीत, यातील कोणती एक गोष्ट आपण या वर्षी बदलू? पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरविले की रात्री आठनंतर मीटिंग घ्यायची नाही, अमेरिकेने थोडे लवकर उठावे. आणि ते पाळले गेले. मुलीने मला हे सांगितले तेव्हा तिच्या आवाजात जो हुरूप होता तो पगारवाढीच्या बातमीत मी कधी ऐकला नव्हता.

पुढे ती स्वतःच सात जणांची प्रमुख झाली. २०२४ च्या नाताळात घरी आली ती काहीशी गप्प. दोन दिवसांनी, चुलीपाशी बसून नेवऱ्या तळताना, तिने आईला सांगितले आणि मी दारातून ऐकले. तिच्या हाताखालच्या मुलांनी तिच्याविषयी लिहिले होते: रात्री दहाला यांचे संदेश येतात, झोप लागत नाही.

"मी उत्तर लगेच मागत नव्हते गं," ती म्हणत होती. "सकाळपर्यंत विसरेन म्हणून पाठवून ठेवीत होते."

"त्या पोरांना ते कसे कळावे?" तिची आई म्हणाली आणि कढईतली नेवरी परतली.

आता ती रात्री संदेश लिहून ठेवते आणि तो सकाळी नऊला आपोआप जाईल अशी व्यवस्था करते. एवढ्याने सगळे सुधारले असे ती म्हणत नाही. पण तिच्या मुलांनी तिला खरे लिहिले, नऊ किंवा दहा टाकून मोकळी झाली नाहीत, याचा तिला विषादापेक्षा अभिमान अधिक वाटत असावा, असे मला तिच्या बोलण्यावरून वाटले. खरे लिहिण्यास माणूस भीत नाही अशी कचेरी मुळात किती आहेत? गॅलपच्या २०२४ सालच्या जागतिक पाहणीत मन लावून काम करणारे शेकडा २१च भरले. उरलेल्या एकोणऐंशींपैकी कितीजण घरी येऊन "काही नाही" म्हणत असतील, हे पाहणीत येत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बेळगावात एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीनंतर मंडपाच्या कडेला हात धुताना शेजारी पाहतो तो आमचे विज्ञानाचे शिक्षक. केस पांढरे झाले होते; आता तेही मुख्याध्यापक होते. "सर!" म्हणून त्यांनी माझे ओले हातच धरले. आम्ही दोन खुर्च्या ओढून बसलो. इकडचे तिकडचे बोलणे झाले. अखेर मी म्हणालो, "सर, त्या जुलैमध्ये तुम्ही रजा मागितली होती."

त्यांनी विचारले नाही, कोणत्या जुलैमध्ये.

"तुम्ही म्हणालात तसा मधल्या सुट्टीत गेलो होतो," ते म्हणाले. "तिन्ही दिवस गेलो. वडील झोपलेले असत. उठवावे असे वाटले नाही."

मला पुढे काय बोलावे ते सुचेना. मंडपात वाजंत्री चालू होती. त्यांनीच माझी अवघडलेली स्थिती ओळखली असावी. खुर्ची थोडी जवळ घेऊन त्यांनी विषय बदलला.

"धाकटी कोठे असते हल्ली?"

"हैदराबादला. मोठी कंपनी आहे," मी म्हणालो, आणि पुढचा नेहमीचा प्रश्न येईल म्हणून आकडाही तयार ठेवला.

"बरी आहे ना तेथे?"

मी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "विचारून सांगतो."